मूत्रपिंडाच्या गाळणीतला पुरावा

चेहरा उजळ करणाऱ्या क्रीमची डबी आणि लघवीला येणारा फेस यांचा एकमेकांशी काय संबंध असू शकतो? वरवर पाहता काहीच नाही. पण हा संबंध आहे, आणि तो उघडकीला आणण्यात प्रयोगशाळेतल्या प्रतिपिंडांचा मोठा वाटा आहे.

जयपूरच्या चारदीवारीत, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात, एखाद्याला डोळे बांधून आणून सोडले, तरी आपण कोणत्या गल्लीत आहोत हे जाणकाराला थोड्याच वेळात कळते. तांब्यापितळेवर हातोडी पडल्याचा आवाज आला की तो ठठेरों का रास्ता. तापवलेल्या लाखेचा वास आला की मनिहारों का रास्ता, कारण तिथे लाखेच्या बांगड्या घडतात. छिन्नीचा आवाज आणि संगमरवराची धूळ जाणवली की मूर्तिकारांचा खजानेवालों का रास्ता आला म्हणून समजावे. सवाई जयसिंह यांनी १७२७ साली वसवलेल्या या शहरात गल्लीची ओळख पटते ती तिथे तयार होणाऱ्या मालावरून.

आपल्या शरीरातल्या पेशींची ओळखही अशीच पटते. सूक्ष्मदर्शकाखाली अनेक पेशी एकसारख्याच दिसतात, पण प्रत्येकीचा माल वेगळा असतो. हा माल म्हणजे प्रथिने. कोणत्या पेशीत कोणते प्रथिन आहे, हे शोधण्याचे एक उत्तम साधन म्हणजे प्रतिपिंडे. चारदीवारीपासून थोड्याच अंतरावरचे सवाई मानसिंह रुग्णालय असो की मुंबईचे केईएम, मोठ्या रुग्णालयांत मूत्रपिंडाच्या विकारांचे निदान करताना हे साधन फार उपयोगी पडते.

एकच पुस्तक, वेगवेगळे पदार्थ

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो. एकाच पाककृतींच्या पुस्तकाच्या प्रती घरोघरी असाव्यात, पण एका घरी पुरणपोळी व्हावी आणि दुसऱ्या घरी भाकरी, तसा हा प्रकार आहे. यकृताची पेशी त्या पुस्तकातली काही पाने उघडते, मूत्रपिंडाची पेशी दुसरी. उघडलेल्या पानांप्रमाणे प्रथिने तयार होतात, आणि त्यांवरून त्या पेशीचे काम ठरते.

मूत्रपिंडात तर हा फरक फार ठळक आहे. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता. त्याला केशिकागुच्छ म्हणतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक भाग पुढच्या नलिका परत शोषून घेतात, आणि शेवटी दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते.

या गाळणीवर पोडोसाइट नावाच्या पेशी बसलेल्या असतात. त्यांना असंख्य बारीक पाय असतात, आणि हे पाय दोन हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तसे गुंतलेले असतात. दोन पायांमधल्या फटीवर एक नाजूक पडदा असतो. हा पडदा विणला जातो तो मुख्यतः नेफ्रिन या प्रथिनाने. कार्ल ट्रिग्व्हासन यांच्या पथकाने १९९८ मध्ये नेफ्रिनचे जनुक शोधले. फिनलंडमधल्या काही बालकांच्या लघवीतून जन्मापासूनच प्रथिने वाहून जात. त्यांच्यात हेच जनुक बिघडलेले होते.

पुढे नलिकेच्या सुरुवातीच्या भागात मेगॅलिन हे प्रथिन असते. ते गाळणीतून निसटलेले उपयुक्त पदार्थ पकडून परत घेते. त्यापुढच्या एका भागात युरोमोड्युलिन तयार होते. निरोगी माणसाच्या लघवीत सर्वांत जास्त आढळणारे प्रथिन हेच. इगोर टॅम आणि फ्रँक हॉर्सफॉल यांनी ते १९५० मध्ये वेगळे काढले. अगदी शेवटच्या नळीत अ‍ॅक्वापोरिन-२ असते. पाणी परत घेण्याचे दार उघडायचे की बंद ठेवायचे, हे त्याच्यावर अवलंबून असते. अशा पाण्याच्या दारांचा शोध लावल्याबद्दल पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे मूत्रपिंडाचा एखादा कण हाती आला, आणि त्यात ही प्रथिने कुठे आहेत हे दिसले, तर कोणता भाग शाबूत आहे आणि कोणता बिघडला आहे ते सांगता येते. प्रश्न एवढाच, की डोळ्यांना न दिसणारे प्रथिन पाहायचे कसे?

प्रतिपिंडाच्या हाती दिवा

नावात 'पिंड' असला तरी प्रतिपिंडाचा मूत्रपिंडाशी काही संबंध नाही. शरीरात जंतू किंवा परका पदार्थ शिरला की रक्तातल्या विशिष्ट पेशी त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवतात. तीसुद्धा प्रथिनेच. त्यांचा विशेष गुण म्हणजे चोखंदळपणा. गोवराविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड गोवराच्या विषाणूलाच जाऊन चिकटते, कांजिण्यांच्या विषाणूला नाही.

हा चोखंदळपणा निदानासाठी वापरावा, ही कल्पना अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातल्या अल्बर्ट कून्स यांना सुचली. प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडला, तर ते जिथे जाऊन चिकटेल ती जागा उजळून दिसेल, असा त्यांचा सरळ विचार होता. १९४१ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून दाखवले. सूक्ष्मदर्शकाखाली अतिनील प्रकाश टाकला की रंग जोडलेली प्रतिपिंडे चमकत. काळोखात एखाद्याच्या हाती दिवा द्यावा आणि तो कुठे जाऊन थांबतो ते दुरून पाहावे, तसेच हे.

सुरुवातीला अशी प्रतिपिंडे ससे किंवा शेळ्या यांच्या रक्तातून मिळवावी लागत. त्यांत सरमिसळ असे, आणि प्रत्येक वेळी माल थोडा वेगळा निघे. ही अडचण जॉर्ज कोहलर आणि सीझर मिलस्टीन यांनी १९७५ मध्ये केंब्रिजला दूर केली. प्रतिपिंड बनवणारी उंदराची पेशी त्यांनी न थांबता वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशीशी जोडली. अशा जोडपेशीची संतती एकाच प्रकारचे प्रतिपिंड सतत तयार करत राहते. या कामासाठी दोघांना १९८४ मध्ये नील्स येर्ने यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आज हजारो प्रथिनांसाठी अशी प्रतिपिंडे बाटलीबंद मिळतात.

काडीएवढा तुकडा

रुग्णाच्या दृष्टीने या सगळ्याची सुरुवात होते ती बायोप्सीने. बायोप्सी म्हटले की घरातली माणसे घाबरतात. प्रत्यक्षात रुग्णाला पालथे झोपवून पाठीची जागा बधिर करतात, सोनोग्राफीत पाहत पाहत बारीक सुई मूत्रपिंडात घालतात, आणि काडीसारखा पातळ तुकडा बाहेर काढतात. नंतर काही तास झोपून राहावे लागते. एखाद्याला लघवीतून थोडे रक्त जाते, पण गंभीर रक्तस्राव क्वचितच होतो.

या तुकड्याचे सहसा तीन भाग करतात. एक भाग नेहमीच्या रंगांनी रंगवून पाहतात. दुसरा गोठवून त्याचे मिलिमीटरच्या काही हजारांश जाडीचे काप घेतात, आणि त्यांवर चमकणाऱ्या रंगाची प्रतिपिंडे टाकतात. तिसरा भाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी राखून ठेवतात.

मेणात बसवलेल्या कापांवरही प्रतिपिंडांची तपासणी करता येते. तेव्हा चमकणाऱ्या रंगाऐवजी तपकिरी रंग उमटतो, आणि तो साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसतो. शरीरात दुसरीकडे सापडलेली गाठ मूळची मूत्रपिंडातली आहे का, याचा अंदाजही याच पद्धतीने घेतात. फुप्फुसातल्या गाठीत 'पॅक्स-८' हे प्रथिन दिसले, तर ती मूत्रपिंडातून, थायरॉइडमधून किंवा स्त्रियांच्या जननसंस्थेतून आलेली असण्याची शक्यता वाढते, आणि पुढचा शोध त्या दिशेने सुरू होतो.

पन्नास वर्षांचे कोडे

प्रतिपिंडांनी मूत्रपिंडाच्या ज्या विकारांवर प्रकाश टाकला, त्यांत मेम्ब्रेनस नेफ्रोपथी हा मोठा विकार आहे. यात गाळणीची भिंत जाड होते आणि रक्तातली प्रथिने लघवीतून वाहून जाऊ लागतात. निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसाला १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रथिन जाते. या रुग्णांमध्ये ते साडेतीन ग्रॅमच्याही पुढे जाऊ शकते. पायांवर सूज येते, सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती फुगवटा दिसतो, लघवीला साबणासारखा फेस येतो.

अशा रुग्णाच्या गाळणीवर चमकणारी प्रतिपिंडे टाकली की भिंतीच्या कडेने हिरव्या ठिपक्यांची माळ उमटते. याचा अर्थ रुग्णाच्या स्वतःच्याच शरीरातली प्रतिपिंडे तिथे येऊन बसली आहेत. पण ती तिथे कशाला चिकटली, शरीर आपल्याच कोणत्या प्रथिनावर उलटले, हे मात्र या ठिपक्यांवरून कळत नसे. कारण सापडले नाही की कागदावर 'अज्ञात कारण' असे लिहिले जाई.

क्लीव्हलँडचे बालरोगतज्ज्ञ वॉल्टर हेमान यांनी १९५९ मध्ये उंदरांमध्ये असाच विकार घडवून आणला होता. उंदरांमध्ये ज्यावर हल्ला होतो ते प्रथिन म्हणजे मेगॅलिन, हे १९८० च्या दशकात कळले. सगळ्यांना वाटले, कोडे सुटले! पण माणसाच्या गाळणीतल्या पोडोसाइटवर मेगॅलिन सापडेना. उंदराचे उत्तर माणसाला लागू पडले नाही.

२००२ मध्ये पॅरिसच्या हन्ना डेबिएक आणि पिएर रोंको यांना पहिला मानवी धागा सापडला. एक बाळ हा विकार घेऊनच जन्मले होते. त्याच्या आईच्या शरीरात एक विशिष्ट प्रथिन जन्मतःच नव्हते. बाळाच्या पोडोसाइटवर मात्र ते होते. आईच्या शरीराने ते परके मानले, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवली, आणि ती वारेतून बाळापर्यंत पोहोचली. बाळाला जपणाऱ्या आईच्याच रक्ताने नकळत त्याच्या मूत्रपिंडावर घाव घातला होता. अशी उदाहरणे अत्यंत विरळ. पण हल्ला पोडोसाइटवरच्या प्रथिनावर होऊ शकतो, हे माणसामध्ये सिद्ध झाले.

अखेर २००९ मध्ये बोस्टनचे लॉरेन्स बेक आणि डेव्हिड सॅलंट यांनी मोठ्या वयातल्या रुग्णांचे कोडे सोडवले. त्यांनी मानवी केशिकागुच्छांतली प्रथिने वेगवेगळी करून पट्टीवर मांडली आणि तिच्यावर रुग्णांच्या रक्तातला द्रव टाकला. ज्या प्रथिनाविरुद्ध रुग्णाच्या रक्तात प्रतिपिंडे असतील, तिथेच ती चिकटणार होती. ३७ रुग्णांपैकी २६ जणांची प्रतिपिंडे एकाच जागी चिकटली. तिथले प्रथिन होते पोडोसाइटवरचे 'पीएलए२आर'. म्हणजे रुग्णाच्याच प्रतिपिंडांनी आपले लक्ष्य दाखवून दिले.

याचा फायदा रुग्णांपर्यंत पोहोचला. आज ही प्रतिपिंडे साध्या रक्ततपासणीत मोजता येतात. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, विकाराची लक्षणे नेहमीसारखी असतील, मूत्रपिंडांचे काम ठीक चालले असेल आणि ही तपासणी ठळकपणे सकारात्मक असेल, तर काही रुग्णांची बायोप्सी टाळताही येते. औषध लागू पडते आहे का, हेही या प्रतिपिंडांच्या प्रमाणावरून समजते.

आरशासमोरची डबी

पीएलए२आर सापडल्यावर उरलेल्या रुग्णांमध्ये दुसरी प्रथिने शोधण्याची जणू शर्यतच लागली. २०२० च्या सुमारास अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या संजीव सेठी आणि सहकाऱ्यांनी 'नेल-१' या प्रथिनाची नोंद केली. अशा रुग्णांपैकी काहींच्या शरीरात कर्करोग दडलेला आढळला. त्यामुळे बायोप्सीत नेल-१ दिसले की डॉक्टर कर्करोगाच्या तपासण्या करून घेऊ लागले.

भारतात मात्र या प्रथिनाने आणखी एका दिशेकडे बोट दाखवले. नेल-१ सापडलेल्या अनेक रुग्णांनी पारा असलेली देशी औषधे घेतल्याचे २०२२ मध्ये चेन्नईच्या अनिला अब्राहम कुरियन आणि सहकाऱ्यांनी मांडले. मग केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल येथील डॉक्टरांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे मेम्ब्रेनस नेफ्रोपथीचे २२ रुग्ण आले. त्यांपैकी १५ जणांच्या बायोप्सीत नेल-१ होते. त्या १५ पैकी १३ जणांनी कबूल केले, की ते चेहरा उजळ करणारे क्रीम वापरत होते. हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

महाराष्ट्रालाही हा अनुभव नवा नाही. अकोल्यातल्या एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींना मूत्रपिंडाच्या गाळणीचा विकार झाल्याची बातमी जानेवारी २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत आली. एका घरातल्या तिघींना एकाच सुमारास तोच विकार व्हावा, हे विचित्रच होते. तिघींमध्ये सारखे काय, याचा शोध घेतला तेव्हा त्या वापरत असलेले चेहऱ्याचे क्रीम पुढे आले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला आणि त्या क्रीममध्ये पारा सापडला.

क्रीममध्ये पारा घालतात कशाला? त्वचेतला काळसर रंग तयार करण्याच्या क्रियेत पाऱ्याची संयुगे अडथळा आणतात. त्यामुळे थोड्याच दिवसांत चेहरा खरोखरच उजळ दिसू लागतो आणि वापरणाऱ्याचा विश्वास बसतो. पण तोच पारा कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठत जातो. ही गोष्ट पूर्वीही लक्षात आली होती. केनियातल्या नैरोबीमध्ये त्वचा उजळवणाऱ्या क्रीममधला पारा आणि हा विकार यांचा संबंध १९७२ मध्येच नोंदवला गेला होता. नेल-१ मुळे आता बायोप्सीच्या काचेवरच संशयाची खूण उमटते, आणि डॉक्टर रुग्णाला विचारू लागतात, "चेहऱ्याला काय लावता?"

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण तो उपचारच बदलतो. कारण कळले नाही, तर रोगप्रतिकारशक्ती दडपणारी जोरदार औषधे द्यावी लागण्याची वेळ येते. कारण क्रीममध्ये असेल, तर पहिला उपाय म्हणजे ते बंद करणे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुष्कळ रुग्णांच्या लघवीतले प्रथिन हळूहळू कमी होते.

रंग उमटला म्हणजे झाले का?

कोणत्याही तपासणीला मर्यादा असतात, तशा या तपासणीलाही आहेत. प्रतिपिंड कधीकधी चुकीच्या प्रथिनालाही चिकटते. काप नीट धुतला गेला नाही, तर रंग सगळीकडेच पसरतो. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत रुग्णाच्या कापासोबत आणखी दोन काप ठेवतात. एकात ते प्रथिन नक्की आहे हे माहीत असते, दुसऱ्यात ते नक्की नाही. पहिल्यावर रंग उमटला आणि दुसऱ्यावर नाही, तरच रुग्णाच्या कापावरचा रंग खरा मानतात. नवे प्रतिपिंड वापरण्याआधी ते प्रथिनच नसलेल्या पेशींवर टाकून पाहणे, ही त्याहून कडक परीक्षा.

शिवाय काचेवरची खूण म्हणजे निकाल नव्हे. नेल-१ दिसले म्हणजे क्रीमच कारणीभूत असे नाही, आणि ते दिसले नाही म्हणून क्रीम निर्दोष ठरत नाही. रुग्णाची हकिकत, रक्त-लघवीच्या तपासण्या आणि काचेवरचे चित्र या तिन्ही गोष्टी जुळवूनच निदान होते. त्यातली हकिकत सांगणे रुग्णाच्या आणि घरच्यांच्या हाती असते.

घरच्यांनी काय करावे?

बाजारातल्या वस्तूंबाबत नियम आहेत. भारताच्या सौंदर्यप्रसाधन नियम २०२० नुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मुद्दाम घालता येत नाही. अनवधानाने राहिलेला पाराही दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. तरीही उत्पादकाचे नाव, पत्ता किंवा परवाना क्रमांक नसलेल्या डब्या विकल्या जातात. कुणी परदेशातून आणतो, कुणी ओळखीतून मिळवतो.

म्हणून काही साध्या गोष्टी पाळाव्यात. वेष्टनावर घटकांची यादी नसेल, तर ते क्रीम घरात आणू नये. यादीत मर्क्युरी, मर्क्युरिक, कॅलोमेल असे शब्द दिसले तर ते ताबडतोब बंद करावे. काही आठवड्यांत गोरे करण्याची हमी देणाऱ्या डबीकडे संशयानेच पाहावे. आई वापरते ते क्रीम मुलांच्या अंगालाही लागते, उशीच्या अभ्र्यालाही लागते, हे विसरू नये.

लघवीला रोज फेस येत असेल, सकाळी डोळे सुजलेले दिसत असतील किंवा पायावर बोट दाबल्यावर खळगा पडत असेल, तर लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करून घ्यावी. ती साधी आणि स्वस्त आहे. डॉक्टरांकडे जाताना नेहमीच्या गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर चूर्णे, भस्मे, वेदनाशामके आणि चेहऱ्याची क्रीमही पिशवीत घालून न्यावीत. लग्न ठरलेल्या मुलीला किंवा घरातल्या सुनेला हे सांगायचा संकोच वाटतो. रंगाबद्दल बोलणी ऐकलेली मुलगी तर ही डबी हमखास लपवते. तिने ती न लपवता डॉक्टरांपुढे ठेवावी, एवढा मोकळेपणा घरात असायला हवा. प्रतिपिंडे गाळणीतले प्रथिन दाखवतील, पण आरशासमोर कोणती डबी आहे हे त्यांना कधीच सांगता येणार नाही. ते घरातल्या माणसांनीच सांगावे लागेल.